सगळ्यात खालचं नाव

कानातले बोळे मी हल्ली घरी आल्यावरही काढत नाही. कारखान्यात ते घालावेच लागतात, नाहीतर डब्यांच्या खणखणाटात माणूस वर्षभरात ठार बहिरं होईल. पण घरी कशाला, असं माझ्या मुलीने, कोरिनने, एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे, बरं वाटतं. टीव्ही चालू असतो, कोट घातलेल्या माणसांची तोंडं हलतात, आणि त्यांचे आवाज उशीखालून आल्यासारखे येतात. एक म्हणतो टॅरिफ, म्हणजे बाहेरच्या मालावरचा कर, परदेशी माणूस भरतो, दुसरा म्हणतो आपणच भरतो. ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं आणि घरी जाऊन दोघंही जेवतात. तेवढं ऐकू आलं तरी पुरे आहे.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे करतो. मक्याचे, घेवड्याचे, सुपाचे. नुसते रिकामे डबे. भरणारे लोक दुसरे. मॅकार्डल गावात नदीच्या या काठाला आम्ही आणि त्या काठाला स्टीलची मिल. आमचे पपा त्या मिलमध्ये होते, आता माझा भाऊ लेन तिथे आहे. कुणालाही वाटेल की पलीकडून पत्रा येत असेल आणि इकडे डबे होत असतील. तसं काही नाही. डब्याला लागतो तो पातळ, कल्हई केलेला पत्रा आमची मिल करतच नाही. तो येतो कॅनडातून, जर्मनीतून. सरकारने परदेशी पोलादावर टॅरिफ लावला तेव्हा त्या काठाला झेंडे लागले, आणि या काठाला मॅनेजरचं तोंड उतरलं. नदी एकच, पूल एकच, आणि गावातली निम्मी घरं अशी, की नवरा तिकडे आणि बायको इकडे.

राखेच्या बुधवारी आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावलं. ईस्टरच्या आधीचे उपास त्या दिवशी सुरू होतात, त्यामुळे निम्म्या लोकांच्या कपाळावर सकाळच्या प्रार्थनेची राख होती. मॅनेजर तरुण पोरगा. तो म्हणाला, पत्रा परवडत नाही, गिऱ्हाईक बाहेरून भरलेलेच डबे मागवतंय, दोन नंबरची लाइन बंद होणार. मी दोन नंबरच्या लाइनवर झाकणं बसवायच्या मशीनवर होते. कुणी ओरडलं नाही. सगळे एकमेकांच्या कपाळाकडे बघत उभे राहिले आणि मग कामावर गेले.

आता आमच्या युनियनची रीत सांगायला हवी. लाइन बंद झाली म्हणून जुना माणूस लगेच घरी जात नाही. ज्याची नोकरी त्याच्याहून कमी वर्षांची, अशा कुणाचीही जागा तो मागू शकतो, काम येत असलं म्हणजे झालं. याला आम्ही ढकलणं म्हणतो. मी तुला ढकललं की तू तुझ्या खालच्याला ढकलायचं, तो त्याच्या खालच्याला, असं करत करत यादीतलं सगळ्यात खालचं नाव दाराबाहेर जातं. नोटीस हातात पडली की ठरवायला कामाचे तीन दिवस मिळतात. आमच्या आयांनी आणि बापांनी संप करून ही रीत मिळवलेली आहे, त्यामुळे तिला कुणी वाईट म्हणत नाही. जुन्या माणसाला मान मिळायलाच हवा, आम्हीही तेच म्हणत आलो.

मला येतील अशा दोन जागा होत्या. एक डेल ओस्टरची, दिवसपाळीला फोर्कलिफ्ट चालवायची. दुसरी रात्रपाळीला डब्यांचे थर प्लास्टिकमध्ये गुंडाळायची. ती माझ्या मुलीची होती. कोरिनचं नाव सगळ्यात खाली.

कोरिन, तिचा नवरा ट्रॅव्हिस आणि माझी नात हेझल माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. राहायचे. ट्रॅव्हिसच्या भावाचं कधीपासून चाललं होतं की साउथ कॅरोलायनाला या, टायरच्या गोदामात काम आहे, हिवाळा नाही, घरं स्वस्त. कोरिन दर वेळी म्हणायची, माझी नोकरी इथे आहे, आई इथे आहे. यातली पहिली गोष्ट गेली की दुसरी किती टिकते, ते मला ठाऊक होतं. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. हेझल पाच वर्षांची आहे आणि शाळा सुटली की माझ्याकडे येते. कोरिनची नोकरी गेली तर नातही जाणार. एवढाच प्रश्न होता. बाकी जगाच्या अर्थव्यवस्थेचं टीव्हीवाले बघून घेतील.

त्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. मी कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केला होता. पहिल्या घासालाच लेन सुरू झाला.

"चाळीस वर्षं जग आपल्याला लुटत होतं, आणि आपण दारात उभं राहून 'पुन्हा या' म्हणत होतो. पपांची भट्टी बंद पडली तेव्हा कुठे होते गं हे टीव्हीवरचे प्रोफेसर? तेव्हा म्हणाले, जगाच्या भल्यासाठी आहे. आपण या जगात येत नव्हतो वाटतं!"

"पण लेनमामा," ट्रॅव्हिस म्हणाला, "टॅरिफ काही तो जर्मन भरत नाही. सासूबाईंचा कारखाना भरतो. म्हणून तर लाइन बंद झाली ना?"

"तू मिलमध्ये पाय तरी टाकलायस का कधी? भट्टी बघितलीयस? थोडी कळ सोसावीच लागते. औषध कडूच असतं."

"औषध तुम्ही घेताय आणि तोंड सासूबाईंचं कडू होतंय."

"बघितलंस, मार्लीन? जावयाला तोंड फुटलं."

"जेवा रे दोघं," मी म्हटलं. "तुमच्या भांडणात खिमा गार होतोय."

लेनचं सगळंच चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पपांची भट्टी बंद झाली त्या वर्षी गावातली तीन दुकानं, एक थिएटर आणि दोन चर्च बंद झाली. पपा पुढे दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि पलीकडच्या धुराड्याकडे बघायचे. धूर नसायचा. ते लेनने बघितलंय, मीही बघितलंय. आता मिलने दुसरी पाळी सुरू करायचं ठरवलं होतं आणि माझा भाऊ कित्येक वर्षांनी शीळ घालत घरात शिरत होता. त्याच्या शिळेचा राग यावा, तर तोही येत नव्हता.

जेवणानंतर कोरिन भांडी पुसायला माझ्याजवळ आली.

"आई, तू मला ढकल."

"वेड लागलंय का तुला?"

"अगं ऐक तर. डेलला ढकललंस तर तो मलाच ढकलणार. शेवटी यायचं ते माझ्यावरच ना? मग मधल्या मध्ये त्याला कशाला फिरवायचं? मी तरुण आहे. मला कुठेही काहीतरी मिळेल."

"कुठेही म्हणजे कुठे? साउथ कॅरोलायनाला?"

मी तिच्या हातून ताट घेतलं आणि पुसलेलंच पुन्हा पुसलं.

मागे कोचावर पाय पसरून बसलेला लेन ऐकत होता. तो म्हणाला, "अगं, एवढं काय घेऊन बसलीयस? डेलचं नाव आमच्याकडे दुसऱ्या पाळीच्या यादीत आहे. मीच घातलंय. पुढच्या सोमवारपासून फोन सुरू. तू डेलला ढकल, डेल पुलावरून आमच्याकडे येईल, आणि पोरीच्या जागेला कुणी हात लावणार नाही. साप मेला आणि काठीही मोडली नाही."

"नक्की?"

"फोरमनने मला स्वतः सांगितलंय."

मी लेनवर एकट्यावर विसंबून राहिले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डेलला गाठलं. डेल म्हणजे भला माणूस, डोंगरातल्या खेड्यातून आलेला, दर वाक्याला थट्टा. तो बाकावर बसून सँडविच खात होता.

"डेल, मी तुझी जागा मागितली तर?"

"हळू बोल बाई, लोकांना वाटेल लग्नाचं विचारतेयस."

"थट्टा नको रे. मिलमधून फोन येणार आहे ना तुला? खरं सांग. नाही आला तर तू कोरिनला ढकलशील."

त्याने सँडविच खाली ठेवलं. "मार्लीन, मी एक पाय दाराबाहेर टाकूनच उभा आहे. ढकल मला. उलट बरं होईल. लोरेटा रोज विचारते, कधी जाणार मिलमध्ये, तिथला विमा चांगला आहे म्हणून. तिला साखरेचा त्रास आहे, पायाला आणि बोटांना काही कळत नाही हल्ली. तू ढकललंस की मला मागे बघायला नको."

मी त्याला ढकललं. युनियनच्या ऑफिसात जाऊन नाव सांगितलं आणि बाहेर आले. मला अगदी हुशार झाल्यासारखं वाटलं होतं. कुणालाच काही लागणार नव्हतं. सरकारची एवढी मोठी गोष्ट, पण आमच्या तीन घरांपुरती मी ती चोख बसवली होती. बाजारात तुरी अजून आल्या नव्हत्या, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? लेन त्याच्या मिलवर विसंबला होता, डेल लेनवर आणि मी डेलवर. आपल्याकडे माणसं अशीच एकमेकांच्या शब्दावर उभी असतात.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी लेन माझ्या मागच्या दाराशी आला. टोपी हातात होती, आणि शीळ वाजत नव्हती.

"जरा लांबणीवर पडलंय," तो म्हणाला.

"किती?"

"उन्हाळ्यापर्यंत बघू म्हणतात. ऑर्डरी कमी झाल्यात. गाड्यांच्या कारखान्यांनी हात आखडलाय, कपडे धुवायच्या मशीनवाल्यांनीही. स्टील महाग झालंय ना, तर लोक थांबलेत."

"कुणी महाग केलं?"

खरं तर मला त्याला बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

"आत ये," मी म्हटलं. "कॉफी घे."

"नको," म्हणाला. तो पायऱ्या उतरून गेला. मागून तो अगदी पपांसारखा दिसत होता.

डेलला नोटीस त्या सोमवारीच मिळाली होती, त्याचे तीन दिवस त्याच संध्याकाळी संपत होते. तो मला पार्किंगमध्ये भेटला.

"मार्लीन, मला दुसरी जागा नाही गं."

"ठाऊक आहे."

"लोरेटाचं औषध नोकरीच्या विम्यावर आहे. नाहीतर मी..."

"डेल, ठाऊक आहे म्हटलं ना. जा, सही करून ये."

"शिव्या तरी घाल."

मला शिव्या आठवेनात. मी गाडीत बसले आणि घरी आले. हेझल माझ्या स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून डब्यांचे मनोरे करत होती. आमच्याच कारखान्यातले, पोचा आला म्हणून काढून टाकलेले. तिने सगळ्यात खालचा डबा ओढला आणि मनोरा पडला. मोठा आवाज झाला असणार. माझ्या कानात बोळे होते.

कोरिनला कळलं तेव्हा ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, आई? मला ढकल म्हणून. निदान डेल तरी आपल्या जागी राहिला असता. आता या वयात तो रात्रभर थर गुंडाळणार."

"मला वाटलं..."

"हो गं. तुला वाटलं. लेनमामालाही वाटलं. सगळ्यांनाच काही ना काही वाटतं."

मी म्हटलं की मग मीच नोकरी सोडते, तुझी जागा राहील. ती म्हणाली, "आता काय उपयोग? तू सोडलीस तर डेल वर जाईल, पण माझी जागा कारखाना भरणारच नाही. मी विचारून आले." माझ्या आधी तिने विचारलं होतं. मी सोडली असती की नाही, ते आता कधीच कळायचं नाही. ते कळायला नको म्हणूनच तिने आधी विचारलं असावं.

शुक्रवारी आम्ही दोघी नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात गेलो. उपासाच्या प्रत्येक शुक्रवारी आम्ही स्लोव्हाक बायका तिथे पिरोही करून विकतो. करंजीसारखंच ते, आत बटाटा आणि चीज, नाहीतर आंबवलेला कोबी, वर लोणी आणि परतलेला कांदा. फक्त तळायचं नाही, उकळायचं. सगळं गाव रांग लावतं. तिथेही जुन्या-नव्याचा क्रम आहे, आणि तो युनियनपेक्षा कडक आहे. नवी पोर आली की बटाट्याचे गोळे करायचे. मग लाटणं. कडा दाबायच्या टेबलावर बसायला मिळणं म्हणजे मोठाच मान, कारण कड नीट दाबली नाही की उकळत्या पाण्यात पिरोही उघडते आणि सगळं पातेलं वाया जातं. त्या टेबलावर कुणी बसायचं ते अ‍ॅग्नेसबाई ठरवतात. त्या नव्वदीला आल्यात आणि पोपलासुद्धा गोळे करायला लावतील. कोरिनला त्यांनी याच वर्षी माझ्या शेजारची खुर्ची दिली होती. खुर्ची लोखंडी आणि गारठलेली, म्हणून कोरिनने तिच्यासाठी पिवळी उशी शिवून आणली होती.

त्या दिवशी मी आंबवलेल्या कोबीचा मोठा डबा उघडला आणि सवयीने अंगठा त्याच्या शिवणीवरून फिरवला. शिवण आमची नव्हती. डबा भरलेलाच परदेशातून आला होता. रिकाम्या डब्याच्या पत्र्यावर जबर टॅरिफ, आणि भरलेला डबा आला तर त्यावर कमी, असं म्हणे काहीतरी आहे. स्वस्त म्हणून अ‍ॅग्नेसबाईंनीच तो आणला होता. कोबी चांगला होता.

"कधी निघताय?" मी कडा दाबता दाबता कोरिनला विचारलं.

"झावळ्यांच्या रविवारी. प्रार्थना झाली की."

"ईस्टरला नाही थांबणार?"

"ट्रॅव्हिसला सोमवारी हजर व्हायचंय, आई."

"बरं," मी म्हटलं. तिने त्या दिवशी एकही पिरोही वाईट केली नाही.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मिळालेली ताडाची पाती हेझलने गाडीच्या खिडकीतून बाहेर काढली आणि वळणापर्यंत हलवत ठेवली. लेन माझ्या शेजारी उभा होता. त्याने हात वर केला, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्याला तो खाली घ्यायचं सुचलं नाही. मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. घरी आले, सूप गरम केलं आणि सगळं प्यायले. मग टेबलाखालचे डबे उचलून कपाटात ठेवले. त्यातला एक तेवढा बाहेर राहिला, कारण हेझलच्या रंगाच्या खडूंनी तो भरलेला होता.

गुड फ्रायडेला तळघरात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. हात कमी पडतात. दुपारी अ‍ॅग्नेसबाई एका बाईला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. जाडसर, गोड चेहऱ्याची, पायात वहाणांऐवजी दवाखान्यातले मऊ बूट.

"ही लोरेटा. आपल्यातली नाहीये, पण मदत करते म्हणते. उभं राहवत नाही हिला, म्हणून इथे बसव. आज गोळ्यांचं राहू दे."

"डेलची लोरेटा?" मी विचारलं.

"हो! तूच मार्लीन ना? डेल तुझं नाव सारखं काढतो. तू फार चांगलं वागलीस म्हणतो." तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "रात्रपाळी जड जाते गं त्याला. पण विमा राहिला, देवाची कृपा. कुणीतरी तरुण पोरगी होती म्हणे तिथे. तिला काय, दुसरं मिळेल. तरुण माणसांना मिळतं."

मला तिचा राग आला. अंगभर आला, कित्येक दिवसांत काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं. मग तिने पहिली पिरोही दाबली, पातेल्यात टाकली, आणि ती लगेच उघडली. दुसरीही उघडली. ती ओशाळून हसली आणि बोटं माझ्यासमोर धरली.

"यांना काही कळतच नाही बघ. कड कुठे आहे तेसुद्धा कळत नाही."

राग गेला. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. मी तिच्या पुढची ताटली माझ्याकडे ओढली. ती दाबायची, मी तिची प्रत्येक पिरोही पुन्हा एकदा दाबायची, आणि मगच ती पातेल्यात जायची. असं आमचं चाललं. काम दुप्पट होत होतं, पण पाणी स्वच्छ राहिलं.

थोड्या वेळाने ती खुर्चीत सैलावली आणि खाली हात घालून चाचपू लागली.

"किती मऊ उशी गं. कुणी केली? मी कुणाच्या जागेवर तर नाही ना बसले?"

पलीकडच्या बायका थांबल्या. अ‍ॅग्नेसबाईंनी कांदा परतायचा थांबवला. आमच्याकडे कुणाची खुर्ची कोणती, हे सगळ्यांना माहीत असतं.

"नाही," मी म्हटलं. "बस तू. मोकळीच होती."